विशाखा नक्षत्रातली लसूण

मालवण किनाऱ्यावरच्या परड्यात लसूण लावावी ती नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, फार तर त्यापुढच्या चार दिवसांत. नक्षत्रांच्या हिशेबात स्वाती सरून विशाखा लागली की लावणीला हात घालावा. सूर्य ६ नोव्हेंबरच्या सुमारास विशाखा नक्षत्रात येतो आणि १९ नोव्हेंबरच्या सुमारास ते सोडतो. हे दिवस हुकले म्हणून लसूण उगवायची थांबत नाही. डिसेंबरअखेर लावलेली पाकळीही आठ-दहा दिवसांत कोंब दाखवते, पात हिरवीगार होते, बघणाऱ्याला सारे ठीक चालले आहे असे वाटते. फसगत कळते ती एप्रिलात, रोप उपटल्यावर. मुळाशी पाकळ्यांनी भरलेल्या गड्ड्याऐवजी बोराएवढी एकच गोल कांदी निघते, किंवा नुसतीच जाडसर मान. लसणीला खत किती घातले, पाणी किती शिंपले याला महत्त्व आहेच, पण ती कधी लावली याचे महत्त्व त्याहून मोठे.

सिंधुदुर्गातल्या चुलीला लसणीवाचून एक दिवस चालत नाही. सोलकढीत ठेचलेली लसूण, कुळथाच्या पिठीला लसणीची फोडणी, सुक्या जवळ्याच्या चटणीत लसूण, तांबड्या भाजीत लसूण. तरीही इथली बहुतेक लसूण घाटावरून येते. कोल्हापूर-बेळगावच्या बाजारांतून भाजीच्या गाड्या फोंडा आणि आंबोलीचे घाट उतरतात, त्यांतच लसणीच्या गोणी असतात, आणि त्या गोणींतली लसूणही पुष्कळदा त्याहून लांबून, मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमचच्या बाजूने आलेली असते. कोकणात लसणीचे मोठे क्षेत्र नाही आणि व्हायचेही नाही. इथली हवा त्या पिकाला पुरेशी थंड नाही. पण घरापुरती, एका वाफ्याची लसूण मात्र इथे होते आणि चांगली होते. गड्डा लहान असतो, पाकळी बारीक असते, वास मात्र असा की बाजारच्या चार पाकळ्यांचे काम गावठी दोन पाकळ्या करतात. अट एकच, वेळ साधली पाहिजे.

ही वेळ घाटावरच्या पत्रकातून जशीच्या तशी उचलता येत नाही. महाराष्ट्राच्या पठारावर लसूण रब्बीत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात. नाशिक, पुणे, अहिल्यानगर या भागांत ऑक्टोबरात जमीन वाफशावर आलेली असते आणि रात्री गार व्हायला लागलेल्या असतात. किनाऱ्यावर ऑक्टोबर म्हणजे घामाचा महिना. पाऊस पुरता गेलेला नसतो आणि थंडीचा पत्ता नसतो. त्यामुळे पठारासाठी दिलेल्या काळाचा पहिला अर्धा भाग मालवणच्या माणसाने सोडून द्यावा आणि दुसरा अर्धा भाग मात्र अजिबात वाया घालवू नये.

आधी पावसाचे पाहावे. सिंधुदुर्गात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. नैर्ऋत्य मोसमी वारे ऑक्टोबरच्या पूर्वार्धात माघार घेतात, पण परतीचा पाऊस त्यानंतरही दुपारचे ढग जमवून, गडगडाट करून कोसळतो. २०१९ साली ऑक्टोबरअखेर अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ उठले, तेव्हा कापणीला आलेले भात सिंधुदुर्गात आडवे झाले आणि भिजून पडलेल्या लोंब्यांना शेतातच कोंब फुटले. २००९ साली ‘फयान’ आले ते ११ नोव्हेंबरला. म्हणजे नोव्हेंबरातही पावसाची धास्ती पूर्ण जात नाही. पण ऑक्टोबरातली भीती आणि नोव्हेंबरातली भीती यांत फरक आहे. ऑक्टोबरात पाऊस अपेक्षितच असतो, नोव्हेंबरात तो अपवाद असतो.

लसणीच्या पाकळीला ओली, दमट माती सोसत नाही. पाकळीच्या तळाला जी चपटी टाच असते तिथूनच मुळे फुटतात, आणि पाणी साचले तर कुजण्याची सुरुवातही तिथूनच होते. वरून काही दिसत नाही. पंधरा दिवस वाट पाहून माती उकरली की हाताला बुळबुळीत साल लागते. दसऱ्याच्या उत्साहात लावलेल्या वाफ्यात अर्ध्या जागा रिकाम्या राहतात त्या यामुळे. “पाऊस अजून गेलो नाय” असे घरातली जाणती माणसे म्हणतात, तेव्हा ती आकाशापेक्षा मातीकडे बघून बोलत असतात. मातीची परीक्षा सोपी आहे. चार बोटे खोल खणून मूठभर माती घ्यावी आणि दाबावी. बोटांमधून चिखल आला किंवा मुठीचा गोळा खाली टाकूनही तसाच राहिला तर थांबावे. गोळा वळला आणि अंगठ्याने टोचताच फुटला, म्हणजे वाफसा आला. पुळणीच्या वाळूत ही अवस्था पाऊस थांबल्यावर दोन-तीन दिवसांत येते. भाताच्या मळ्यातल्या चिकण जमिनीला पंधरा-वीस दिवस लागतात.

इथे पंचांगाचा एक मुद्दा येतो. “दिवाळी झाली की लसूण लावावी” असे सर्रास म्हटले जाते. पण दिवाळी चांद्र तिथीवर चालते आणि लसूण सूर्यावर. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, २०२५ साली २१ ऑक्टोबरला. दोन दिवाळ्यांत तीन आठवड्यांचे अंतर पडले. एका वर्षी दिवाळीनंतरची लावणी बरोबर वेळेवर ठरते, दुसऱ्या वर्षी तीच परतीच्या पावसात सापडते. पावसाची नक्षत्रे मात्र सूर्याची आहेत. मृगापासून मोजत आलेला शेतकरी हस्त, चित्रा, स्वाती इथवर पोचतो तेव्हा दरवर्षी जवळपास त्याच तारखा असतात. स्वाती २४ ऑक्टोबरच्या सुमारास लागते आणि तिच्यानंतर पावसाचे नक्षत्र कोणी मोजत नाही. शेतीच्या कामापुरते तरी तिथीपेक्षा नक्षत्राचे बोट धरणे शहाणपणाचे.

तिथीचे एक ऋण मात्र लसणीवर आहे. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, काही घरांत कांदा-लसणीचे पदार्थ मनसोक्त खाऊन घेतात आणि एकादशीपासून चार महिने ते वर्ज्य करतात. चातुर्मास संपतो कार्तिकी एकादशीला, दुसऱ्या दिवसापासून तुळशीची लग्ने लागतात. जी घरे हा नेम पाळतात त्यांच्याकडे बेण्यासाठी ठेवलेल्या जुडीला पावसाळाभर हात लागत नाही. स्वयंपाकघरात लसूण परत येते आणि परड्यात तिच्या लावणीची वेळ होते, या दोन गोष्टी पुष्कळ वर्षी एकाच पंधरवड्यात पडतात. ज्या घरात लसूण बारमाही खाल्ली जाते तिथे बेणे निगुतीने वेगळे ठेवावे लागते, नाहीतर श्रावणानंतरच्या खवळलेल्या भुकेत ते संपून जाते.

बेण्याची स्वतःचीही एक वेळ असते. मार्च-एप्रिलात काढलेली लसूण लगेच लावली तर उगवत नाही. तिला दोन-तीन महिन्यांची झोप असते. ती झोप उतरली की नाही हे पाहायला एक पाकळी सोलून उभी चिरावी. मध्यभागी फिकट हिरवा कोंब दिसतो. तो तळाशीच बारीक असेल तर पाकळी अजून झोपलेली आहे. पाकळीच्या निम्म्याहून वर चढलेला असेल तर ती लावणीला तयार आहे. ऑक्टोबरअखेर बहुतेक बेण्याचा कोंब असा वर आलेला असतो. टोक फोडून हिरवे पान बाहेर डोकावू लागले, तरी ती पाकळी लावता येते, फक्त तिने साठवलेला दाणागोटा वरच्या कोंबाने खायला सुरुवात केलेली असते, म्हणून तिला आणखी थांबवू नये.

आता थंडी. लसणीच्या आयुष्याचे दोन भाग आहेत आणि दोघांच्या गरजा एकमेकींच्या उलट आहेत. पहिल्या भागात तिला गारवा हवा असतो. त्या काळात ती पात वाढवते आणि कमी तापमानाची खूण आपल्या गाभ्यात साठवते. दुसऱ्या भागात दिवस मोठा होत जातो, ऊन वाढते, तेव्हा त्या खुणेच्या जोरावर ती पात वाढवणे थांबवते आणि पाकळ्या भरू लागते. गारव्याची खूण मिळालीच नाही तर गड्डा पाकळ्यांत विभागला जात नाही, एकच गोल कांदी राहते. आणि पात पुरेशी वाढण्याआधीच ऊन तापले तर गड्डा धरतो, पण भरायला पानांची कमाई अपुरी पडते. लवकर लावण्याचा आग्रह आहे तो या दुसऱ्या कारणासाठी. प्रत्येक पान म्हणजे गड्ड्याची एक शिदोरी असते. फेब्रुवारीत ऊन चढण्याआधी सहा-सात चांगली पाने हाती असावीत, म्हणजे नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी हे तिन्ही महिने पानांना मिळाले पाहिजेत.

मालवणला थंडी अशी ती किती? जानेवारीच्या पहाटे किनाऱ्यावर किमान तापमान सरासरी १७ ते १९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. नाशिकला त्याच दिवसांत ते १० अंशांपर्यंत उतरते. समुद्र जवळ असल्याने रात्र फारशी गार होत नाही. पहाटे सह्याद्रीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो तेवढा काय तो गारवा. त्यामुळे किनाऱ्यापासून जसजसे आत जावे, कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, तशी पहाट अधिक थंड मिळते आणि लसणीचा गड्डाही थोडा मोठा होतो. आंबोली ६९० मीटर उंचीवर आहे, तिथे थंडी पुरेशी असते, पण पाऊस इतका प्रचंड की जमीन सुकायलाच नोव्हेंबर उलटतो. हापूसला मोहर यायला नोव्हेंबर-डिसेंबरात जी थंडी लागते, तिचीच वाट परड्यातली लसूणही पाहते. ज्या वर्षी थंडी उशिरा पडून देवगडचा मोहर लांबतो, त्या वर्षी लसणीकडूनही फार अपेक्षा ठेवू नये.

दिवसाच्या लांबीचेही तसेच. मालवण १६ अक्षांशावर आहे. डिसेंबरात इथे दिवस सुमारे ११ तासांचा, मार्चअखेर १२ तासांहून किंचित मोठा आणि जूनमध्ये १३ तासांच्या आसपास असतो. युरोपात लसूण शरदात लावतात, ती बर्फाखाली निजते आणि जून-जुलैत, दिवस १५-१६ तासांचा झाल्यावर गड्डा भरते. तसला लांब दिवस कोकणाला कधीच मिळणार नाही, आणि मिळणार असता तरी जून इथे नांगराचा महिना. म्हणून उत्तरेकडच्या डोंगरांतली, लांब दिवस मागणारी लसूण इथे आणून लावण्यात अर्थ नाही. बाजारात मोठ्या, देखण्या पाकळ्यांची लसूण दिसते, ती बेण्याला घ्यावीशी वाटते. तो मोह टाळावा. तिची पात गुडघ्यापर्यंत वाढते आणि खाली काहीच धरत नाही.

बेणे निवडावे ते आखूड दिवसात गड्डा धरणारे. राजगुरुनगर इथल्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने दिलेले भीमा पर्पल आणि भीमा ओंकार, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गोदावरी, श्वेता आणि फुले बसवंत हे असे वाण आहेत. ते साधारण चार-साडेचार महिन्यांत तयार होतात. पण या वाणांइतकेच, किंबहुना परड्यापुरते त्यांच्याहूनही भरवशाचे बेणे म्हणजे शेजारच्या गावात चार-पाच वर्षे टिकलेली गावठी लसूण. तिने इथली दमट हवा आणि इथला अपुरा गारवा सोसून दाखवलेला असतो. आठवडी बाजारात कधीमधी एखादी आजी टोपलीत अशा लसणीच्या जुड्या घेऊन बसलेली दिसते. बेणे म्हणून ती दोन जुड्या जास्त घेऊन ठेवण्याच्या लायकीची असते.

किनाऱ्यावरच्या थंडीच्या तुटीवर एक उपाय आहे आणि तो करण्याजोगा आहे. लावणीआधी तीन-चार आठवडे बेण्याचे अख्खे गड्डे फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, ५ ते १० अंशांच्या गारव्यात ठेवावेत. कागदी पिशवीत ठेवावेत, प्लॅस्टिकमध्ये पाणी सुटून बुरशी येते. चित्रा नक्षत्र लागताना, म्हणजे १०-११ ऑक्टोबरला गड्डे आत गेले की विशाखा लागताना बाहेर येतात. बाहेर काढल्यावर मात्र आठवडाभर तसेच ठेवू नयेत. उबेत परत आलेली पाकळी साठवलेली खूण हळूहळू विसरते. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ती मातीत गेली पाहिजे.

पाण्याचा विचार लावणीच्या दिवशी करावा लागतो, कारण तो प्रश्न शेवटी उभा राहतो. लसणीची मुळे उथळ असतात, वरच्या वीतभर-दीड वीत मातीतच तिचा संसार. फेब्रुवारीत गड्डा भरत असताना दोन पाण्यांमधले अंतर वाढले तर नुकसान भरून येत नाही. सिंधुदुर्गात पावसाची तूट नसली तरी जांभ्या दगडातून पाणी झिरपून जाते आणि मार्चनंतर कित्येक विहिरींचा तळ दिसू लागतो. धामापूरसारखी गावे भाग्यवान. १५३० साली बांधलेला तिथला तलाव अजून पाणी देतो आणि २०२० साली जागतिक सिंचन वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला. बाकीच्या गावांत व्हाळाला नोव्हेंबर-डिसेंबरात बांध घालून पाणी अडवावे लागते. देवबाग-तारकर्लीच्या चिंचोळ्या पट्टीत प्रश्न निराळा. एका अंगाला कर्ली नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. तिथे गोडे पाणी खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत असते आणि उन्हाळ्यात उपसा वाढला की विहीर मचूळ होते. लसणीला खार सोसत नाही, पातीचे शेंडे करपतात आणि वाढ खुंटते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला लावलेली लसूण मार्चच्या मध्याला तयार होते, विहीर बिघडण्याआधी. डिसेंबरच्या मध्यात लावलेली एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पाणी मागत राहते.

परड्यातली जागा निवडताना माडांचा हिशेब करावा लागतो, आणि तो लोक करत नाहीत. मालवणच्या परड्यात माड असतोच. पावसाळ्यात सूर्य डोक्यावर असतो तेव्हा माडाची सावली बुंध्याभोवती पडते आणि उत्तरेकडची जागा उघडी, उन्हाची वाटते. तिथेच वाफा आखला जातो. पण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो. डिसेंबरच्या भर दुपारी १५ मीटर उंचीच्या माडाची सावली उत्तरेला सुमारे १२ मीटर लांब पडते. नोव्हेंबरात उन्हात असलेला वाफा ऐन थंडीत दिवसभर झावळ्यांच्या सावलीत जातो. गड्ड्यासाठी लसणीला निदान सहा तास थेट ऊन हवे. म्हणून वाफा माडाच्या दक्षिणेला असावा, किंवा भात कापून मोकळ्या झालेल्या कुणग्यात. हळवे भात ऑक्टोबरातच निघते, गरवे निघायला नोव्हेंबर लागतो. लसणीसाठी जो तुकडा मनात असेल त्यात मुळात हळवे भात लावलेले असेल तर पुढचे सारे वेळेवर होते.

जमीन तयार करताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. जांभ्याची तांबडी माती आंबट असते, लसणीला ती थोडी कमी आंबट लागते. चुलीतली चाळलेली राख वाफ्यात मिसळली तर हे काम बऱ्याच अंशी होते. दुसरे म्हणजे वाफा सपाट नसावा, वीतभर उंच गादीवाफा असावा. अवकाळी सर आली तर पाणी निथळून जाते आणि ‘फयान’सारखा प्रसंग आला तरी बेणे वाचण्याची शक्यता राहते. पुरते कुजलेले शेणखत भरपूर घालावे. ताजे शेण किंवा कच्चे मासळीचे खत लसणीला घालू नये.

लावणीचा दिवस ठरला की त्याच सकाळी गड्डे फोडावेत, आधी नाही. फोडताना अंगठ्याच्या दाबाने पाकळ्या सुट्या कराव्यात आणि प्रत्येकीची टाच शाबूत राहील हे पाहावे. टाच तुटलेली पाकळी फोडणीला. बाहेरच्या फेरीतल्या भरीव पाकळ्या बेण्याला घ्याव्यात, गाभ्यातल्या काडीसारख्या बारीक पाकळ्या स्वयंपाकघरात द्याव्यात. वरची पातळ साल काढू नये, ती पाकळीचे अंगचे कपडे आहेत. १ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब वाफ्यात ओळींत १५ सेंटिमीटर आणि पाकळ्यांत १० सेंटिमीटर अंतर ठेवले तर २०० पाकळ्या बसतात. बारा-पंधरा गड्ड्यांचे बेणे पुरते. प्रत्येक पाकळी टोक वर आणि टाच खाली अशी उभी धरून, अंगठ्याच्या पहिल्या पेरापर्यंत मातीत दाबावी आणि वर बोटभर माती ओढावी. उलटी लावलेली पाकळीही उगवते, पण कोंब वळसा घेऊन वर येतो आणि गड्डा वाकडा होतो. वाळूत थोडी खोल, चिकण मातीत थोडी उथळ. लगेच झारीने हलके पाणी द्यावे. कळशी उपडी केली तर पाकळ्या उघड्या पडतात.

मग वाफ्यावर पेंढा किंवा आंब्या-काजूचा पातेरा पातळ पसरावा. मालवणच्या उन्हात माती गार राहणे हेच अर्धे काम असते. आठ-दहा दिवसांत कोंब त्यातून वर येतात. तिसऱ्या दिवशी दुसरे पाणी, पुढे वाळूत तीन-चार दिवसांनी आणि भारी जमिनीत आठवड्याने. तण हाताने उपटावे, खुरपे खोल घालू नये. खताचा शेवटचा हात लावणीपासून दीड महिन्याच्या आत मारावा. त्यानंतर नत्र दिले तर पात माजते आणि गड्ड्यातल्या पाकळ्यांना जमिनीतच कोंब फुटू लागतात. फेब्रुवारीत हवा कोरडी आणि गरम झाली की पातीवर फुलकिडे चढतात आणि पात पांढुरकी दिसू लागते. वेळेवर लावलेल्या लसणीची पाने तोवर कमाई करून बसलेली असतात. उशिराच्या लसणीला मात्र ही कीड अगदी उमेदीच्या वयात गाठते.

खालची पाने पिवळी पडून वाळू लागली आणि माना कलल्या की पाणी तोडावे. पंधरा दिवसांनी, माती भुसभुशीत असताना, खुरप्याने सैल करून लसूण उपटावी. पातीसकट सावलीत आठ-दहा दिवस सुकवावी, उन्हात टाकू नये. जुड्या बांधून त्या चुलीच्या वर, धूर लागेल अशा ठिकाणी टांगण्याची जुनी रीत आहे आणि तिच्याहून चांगली रीत कोकणाच्या पावसाळ्यासाठी अजून कोणी दाखवलेली नाही. जून ते सप्टेंबर इथली हवा पाण्याने भरलेली असते. डब्यात बंद केलेली लसूण कुजते, धुराने कोरडी राहिलेली टिकते. ज्या घरात चूल उरली नाही तिथे वारा खेळेल अशा पडवीत, जमिनीपासून उंच, एकेक जुडी सुटी टांगावी. सुकवणीला एप्रिल महिना हाती असावा लागतो. मे उजाडला की वळवाच्या सरी येतात आणि आगोटीची बेगमी सुरू होते. लाकडे, सुकी मासळी, कोकमे, तिखट यांच्याबरोबर लसणीच्या जुड्याही त्या बेगमीत जाऊन बसल्या पाहिजेत.

गड्डा नको, नुसती पात हवी असेल तर ही सारी बंधने सैल होतात. पातीसाठी लसूण ऑक्टोबरअखेरपासून जानेवारीपर्यंत केव्हाही, माडाच्या सावलीतही लावता येते. फुटक्या कळशीत किंवा जुन्या घमेल्यात खाली भोके पाडून, दोन-दोन बोटांवर दाटीने पाकळ्या रोवाव्यात. गाभ्यातल्या बारीक पाकळ्या इथे कामाला येतात. महिना-सव्वा महिन्यात पात वीतभर होते. मुळाशी चार बोटे ठेवून कापली तर ती पुन्हा फुटते, पण दुसऱ्या कापणीनंतर जोर राहत नाही. ओल्या खोबऱ्याच्या चटणीत ही पात जो स्वाद देते तो वाळलेल्या लसणीला येत नाही.

बेणे दरवर्षी घरचेच वापरावे, पण त्याला एक मर्यादा आहे. लसूण बियांपासून होत नाही, पाकळीपासून पाकळी होते. त्यामुळे एकदा शिरलेला विषाणूजन्य रोग पुढच्या प्रत्येक पिढीत उतरतो आणि गड्डे वर्षागणिक लहान होत जातात. सगळ्यांत मोठे आणि निरोगी गड्डे बेण्याला बाजूला काढण्याची शिस्त पाळली तर ही घसरण मंदावते. खायला मोठे आणि लावायला उरलेसुरले, अशी उलटी वाटणी केली तर दोन-तीन हंगामांतच बेणे हलके होते. तसे झाले की हट्ट न धरता दुसऱ्या गावचे किंवा संशोधन केंद्राचे बेणे आणावे.

विशाखा हुकलीच तर अनुराधेच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे नोव्हेंबर संपण्याआधी, गारव्यात ठेवलेले बेणे लावून पाहायला हरकत नाही. त्यातून लहान का होईना, गड्डा मिळतो. डिसेंबर उजाडल्यावर मात्र चांगले बेणे गड्ड्याच्या आशेने मातीत घालू नये. त्यातले थोडे पातीला लावावे आणि उरलेले स्वयंपाकघरात द्यावे.